अष्टभुज राउटर

पुण्यातल्या मांजरीत राउटर घेताना विचारायचा प्रश्न एकच: अँटेना किती? बी विंगमध्ये चार अँटेनावाला आला की ए विंगमध्ये सहावाला येतो. सध्या आठचा भाव चालू आहे. लिफ्टमध्ये भेटलेले काका खाजगी आवाजात सांगतात, "आठवाला घेतला. एकदाच काय ते चांगलं घ्यावं."

खोक्यावर १२०० लिहिलेलं असतं. २.४ गिगाहर्ट्झचे ३०० एमबीपीएस आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची बेरीज करून वर मूठभर वाढावा घातला की बाराशे होतात. मागचं पोर्ट मात्र पुष्कळदा १०० चं. म्हणजे ३०० चा प्लॅन घ्यायचा आणि १०० च्या भोकातून ओढायचा. पण पोर्ट मागे असतं, बैठकीत दिसत नाही. अँटेना दिसतात.

बरं, या आठ हातांचं काम काय? वायफायने किती शक्तीनं ओरडावं याची मर्यादा सरकारी नियमांत आहे. दांड्या वाढवल्या म्हणून ती वाढत नाही. जास्त अँटेनांनी एका वेळी जास्त प्रवाह पाठवता येतात, हे खरं. पण घेणाऱ्या फोनच्या पोटात साधारण दोनच असतात. उरलेल्या सहा पाहुण्यांना दाखवायला.

आणि ही अष्टभुजा विराजमान कुठे होते? दारामागच्या लोखंडी पेटीत, चपलांच्या रॅकच्या वर, एमसीबीच्या शेजारी. बिल्डरनं फायबर तिथवरच आणून सोडलेली असते. पेटीचं दार आठ अँटेनांवर लागत नाही, म्हणून चार उभ्या आणि चार मुडपलेल्या. जोडीला कनेक्शनवाल्यानं दिलेला पांढरा डबा. त्याला सगळे मोडेम म्हणतात, पण त्यातही राउटर असतोच आणि तो कुणी बंद करत नाही. मग त्या पेटीत दोघे एकमेकांवर ओरडत बसतात. घराच्या भिंती मायवानच्या, म्हणजे विटा नाहीतच, सगळं काँक्रीट आणि आत सळई. ५ गिगाहर्ट्झची लहर अशा दोन भिंती ओलांडताना अर्धमेली होते. रेंज सगळ्यात उत्तम कुठे? लिफ्टच्या दारात. पार्सल घेऊन आलेला पोरगा तिथे उभ्या उभ्या पिक्चर बघतो. मागच्या बेडरूममध्ये मात्र घरचा कर्ता मुलगा मीटिंगमध्ये "ऐकू येतंय का?" एवढंच बोलून पगार मिळवतो. तक्रारीलाही जागा नाही. जानेवारी २०२३ पासून आपल्याकडे किमान २ एमबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हणतात. मागच्या बेडरूमपर्यंत तेवढं पोचतं. कायदा समाधानी आहे.

१५ ऑगस्ट १९९५ ला देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं, तेव्हा ते तांब्याच्या तारेतून किंचाळत यायचं, पण घरात यायचं. फोनला बैठकीत स्वतःचं स्टूल होतं, वर क्रोशाचा रुमाल होता. आता काचेची तार दारापर्यंत येते आणि घर तिला चपलांपाशी उभी करतं. मांजरी गोटा वांग्याच्या जमिनीवर हे टॉवर उभे राहिले, गाव २०२१ मध्ये शहरात आलं, ब्रोशरमध्ये 'स्मार्ट होम' छापून आलं, दिवे आवाजावर लागतात, देवघर वास्तूप्रमाणे ईशान्येला आहे, स्वयंपाकघरात चिमणी आहे, कमोडच्या मागे जेट आहे. आणि त्या अख्ख्या घरात पेटीपासून हॉलच्या मधोमध जाणारा एक इंची रिकामा पाइप नाही! काय भाव असतो हो त्या पाइपचा? स्लॅब भरण्याआधी टाकला असता तर गवंड्याच्या चहाएवढा खर्च. लाखोंचे हप्ते वीस वर्षं भरणारा माणूस ताबा घेताना टाइल वाजवून बघतो, नळ सोडून बघतो, पण पाइप कुठे आहे विचारत नाही. आणि बिल्डर? त्याचा सेल्सवाला म्हणतो, "सर, आता सगळं वायरलेस आहे ना!" या वाक्यासाठी त्याला त्याच बेडरूममध्ये बसवून महिनाभर काम करायला लावलं पाहिजे.

कनेक्शनवाला पोरगा तेवढा शहाणा असतो. "काका, पंधरा मीटर वायर आत घेऊ, हॉलमध्ये भिंतीला वर लावू. साधा राउटर पण चालेल."

काका छताकडे बघतात. नवं पीओपी, आत निळे दिवे.

"पीओपीला हात लावायचा नाही," काका म्हणतात. "त्यापेक्षा बेडरूमला आठचा अजून एक लाव."