एक महिना पुढे

‘विषय चांगला आहे,’ असं अप्पा म्हणाले की नगरसचिव कार्यालयातला कारकून पुढचं ऐकायला थांबत नाही. इतिवृत्तात ‘एक महिना पुढे’ असं लिहून तो पान उलटतो. तिकडे अप्पांचं वाक्य अजून चालूच असतं: विषय चांगला आहे, हेतू चांगला आहे, प्रशासनाचं अभिनंदन केलं पाहिजे, परंतु सदस्यांना अभ्यासाला पुरेसा वेळ मिळालेला नाही, सबब...

राज्यात महापालिका २९ आणि प्रत्येकीत एक तरी अप्पा आहेच. पक्ष कुठलाही असो, उपरण्याचा रंग कुठलाही असो. आपले अप्पा पुण्याचे, पेठेतले. स्थायी समितीत १६ जण बसतात. त्यांतले काही बोलतात, काही सह्या करतात, दोघंतिघं मोबाइलवर भाचीचं लग्न जमवत असतात. अप्पा मात्र डॉकेट वाचून येतात. अक्षरशः वाचून येतात, आणि त्यांची धास्ती आहे ती त्यामुळेच. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं: निळं सहीसाठी, लाल प्रश्नचिन्हासाठी. लाल पेनाची रिफिल सारखी बदलावी लागते, निळ्यातली अजून पहिलीच आहे, असं समितीचा शिपाई सांगतो.

समितीपुढे येणारे पैशाचे विषय शेवटी दोनच प्रकारचे. एक कडेच्या वस्त्यांचे: अंगणवाडीला पत्रे, पोरांना अभ्यासिका, बचत गटाला खोली, संडासाला पाणी. दुसरे जुन्या शहराचे: लक्ष्मी रस्त्यावर रुंद पदपथ, मंडईभोवती दगडी फरसबंदी, वाड्यांचा पुनर्विकास, वाहनतळ. तिजोरी एकच. वस्तीचा विषय आला की अप्पांना पेठा आठवतात. ‘नुसते पत्रे किती टाकायचे? ज्या पेठांवर शहर उभं राहिलं, त्या पडायला आल्यात.’ त्याच बैठकीत पेठांचा विषय आला की त्यांना वस्ती आठवते. ‘इथे कोटी कोटी रुपयांचा दगड अंथरणार, आणि तिकडे पोरं उन्हात बसून बाराखडी गिरवणार?’ गंमत अशी की दोन्ही वेळा ते खरंच बोलत असतात. त्यामुळे विरोध कुणालाच करता येत नाही आणि दोन्ही विषय पुढे जातात, म्हणजे पुढच्या महिन्यात जातात.

इतिहास त्यांचा पक्का आहे. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुण्याच्या नगरपालिकेचे सदस्य होते, हे ते दर बैठकीत एकदा तरी सांगतात. १८८० साली व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून त्यांच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करायचं ठरलं. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या, असं म्हणत विरोधात मत देणारे जोतीराव एकटेच होते. मंडईच्या इमारतीवर एवढा खर्च करण्याऐवजी तो शिक्षणावर करा, हेही त्यांचंच म्हणणं. मंडई बांधली गेलीच. १८८६ साली ती उघडली, ‘रे मार्केट’ नावानं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं तिला नाव मिळालं महात्मा फुले मंडई! हे सगळं सांगून अप्पा टेबलावर बोट आपटतात आणि म्हणतात, ‘बघा.’ काय बघायचं, ते मात्र सांगत नाहीत. जोतीरावांनी त्या वेळी सरळ ‘नाही’ म्हटलं होतं, ‘एक महिना पुढे’ म्हटलं नव्हतं. पण ही गोष्ट त्यांच्या लक्षात आणून द्यायची कुणाची छाती होत नाही.

एकदा जुन्या शहराच्या कायापालटाचं सादरीकरण होतं. कन्सल्टंट तरुण होता, दाढी कोरलेली, हातात लेझरचा लाल ठिपका. पडद्यावर तुळशीबाग आली. म्हणजे तो म्हणाला म्हणून तुळशीबाग म्हणायची. स्वच्छ दगडी रस्ता, दोन्ही बाजूंना कुंड्या, मधून एक गोरी बाई बाबागाडी ढकलत चालली आहे आणि मागे कान पाडलेला सोनेरी कुत्रा. समिती खूश झाली. अप्पांनी चष्मा पुसला.

‘ह्या ताई कुठल्या?’

‘सर, ते रिप्रेझेंटेटिव्ह आहे.’

‘असेल. पण तुळशीबागेत यांना एवढी मोकळी जागा कशी मिळाली? आणि यांनी काहीच कसं घेतलं नाही? हातात पिशवी नाही, साधी कानातली नाहीत. स्कूटर कुठे लावली यांनी?’

मुलगा गडबडला. त्यानं पुढची स्लाइड लावली. तिच्यात मंडईसमोर एक माणूस बाकावर बसून पुस्तक वाचत होता.

‘हा भाजी घ्यायला आलाय का?’

समितीत हशा पिकला. तो ओसरायच्या आत अप्पांनी महिन्याची मुदत मागून घेतली होती. खरं सांगायचं तर त्या दिवशी त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्या आराखड्यात हातगाडीवाला नव्हता, पथारीवाला नव्हता, टेम्पोतून माल उतरवून घेणारा नव्हता, आणि वाड्यातला जुना भाडेकरू तर मुळीच नव्हता. अशा कागदावर महिनाभर वजन ठेवणं ही शहरसेवाच. पण महिन्यानं तोच कन्सल्टंट तुळशीबागेत हातगाड्या आणि पथारीवाले भरून घेऊन आला, तेव्हाही अप्पांचा ‘अभ्यास’ चालूच होता.

त्यांना निर्णय घेता येत नाही, असं बाहेरच्यांना वाटतं. मला ते पटत नाही. मंजूर झालेल्या विषयाला कुणी विचारत नाही, नामंजूर झालेल्याला शिव्या बसतात; वर्दळ असते ती तहकूब विषयाकडे. त्या एका महिन्यात अप्पांच्या ओट्यावर कोण येत नाही? वस्तीचा नगरसेवक येतो. व्यापाऱ्यांची मंडळी येतात. कार्यकारी अभियंता पूर्वगणनपत्रकाची गुंडाळी काखेत मारून येतो. ठेकेदार पेढे घेऊन येतो. ते परत जातात, कारण अप्पा पैशाला शिवत नाहीत, हे त्यांचे शत्रूही कबूल करतात. त्यांना हवा असतो तो समोरच्या खुर्चीवर कडेला टेकलेला माणूस. लग्नात रुसून बसलेल्या मामाला लाडू नको असतात, ‘चला की’ म्हणणारे हवे असतात. अप्पांचं काहीसं तसंच. विषय निकाली निघाला तर उद्या ओट्यावर कोण येणार?

ओटाही पाहण्यासारखा आहे. वाडा चार भावांचा. मागची भिंत लाकडी टेकूंवर उभी, आणि दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतीची नोटीस दिंडी दरवाज्यावर चिकटते. गेल्या वर्षीची फाडायच्या आत या वर्षीची येते, म्हणून एकीवर एक असा जाड पुठ्ठाच तयार झाला आहे. तीन भावांनी बिल्डरच्या कागदावर सह्या केल्या. चौथ्यानं, म्हणजे कुणी, ते सांगायला नको, लाल पेन काढलं. वहिनींनी मात्र दूरदृष्टीनं स्वयंपाकघर पुढच्या खोलीत हलवलं आहे.

विकास आराखडा हा अप्पांचा आवडता ग्रंथ. जुन्या हद्दीचा आराखडा २००७ ते २०२७ या वीस वर्षांचा. २०१३ साली त्याचा मसुदा निघाला, त्यावर ८० हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या आणि शासनाची मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ मध्ये. वीसपैकी पहिली दहा वर्षं आराखडा यायच्या आतच संपली. दुसरा कुणी हे सांगताना कपाळाला हात लावतो. अप्पा सांगतात तेव्हा एखाद्या घराण्याची परंपरा सांगावी, तसा त्यांचा आवाज भरून येतो.

सगळ्या कारकिर्दीत त्यांनी एकच विषय पहिल्या झटक्यात मंजूर केला. पुण्यात २००६ पासून नागरिकांनी अंदाजपत्रकासाठी कामं सुचवायची पद्धत आहे. क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरून द्यायचा, एका कामाला पाच लाखांची मर्यादा. लोक सुचवतात तरी काय? बाक, दिवा, पदपथाचा तुटलेला कोपरा. एका वस्तीतल्या मावशींनी सुचवलं होतं: सार्वजनिक संडासाला दारं बसवा. जुनी दारं सडून गेली होती, बायका पडदा धरून एकमेकींची राखण करत होत्या. काम यादीत आलं, तरतूद झाली, आणि तो पैसा कुठल्या तरी चौकाच्या सुशोभीकरणाला गेला. आता दुसऱ्या कामातून वर्गीकरण करून दारांना पैसे द्यायचे, असा विषय समितीपुढे होता. रक्कम एवढी लहान की कारकुनानं तो शेवटून दुसरा लावला होता.

मावशी बैठकीआधी जिन्यात उभ्या. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत फॉर्मची पोच, तिच्यावर आवक विभागाचा शिक्का. अप्पा दिसल्याबरोबर पुढे झाल्या.

‘अप्पा, आमचा विषय हाय आज.’

‘आहे ना. विषय चांगला आहे, मावशी. थोडा अभ्यास...’

‘किती दिवस लागतील?’

‘फार नाही. एक महिना.’

‘बरं. मग एवढा महिना आम्ही कुठं जायाचं, ते तेवढं सांगा.’

अप्पा काही बोलले नाहीत. जिना चढताना मध्येच थांबून त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, असं शिपाई सांगतो. पण शिपाई पुष्कळच सांगतो. विषय पुकारला गेला तेव्हा अप्पा उठले आणि म्हणाले, ‘मंजूर करा.’ सभागृहात कुणाला नीट ऐकू आलं नाही. अध्यक्षांनी विचारलं, ‘म्हणजे एक महिना पुढे ना, अप्पा?’ कारकुनानं तर तसं लिहूनही टाकलं होतं. ते खोडून वर ‘मंजूर’ लिहावं लागलं. आयुष्यभर स्वच्छ इतिवृत्त लिहिलेल्या त्या माणसाच्या वहीत ही एवढीच खाडाखोड. अप्पांना नंतर कुणी याबद्दल छेडलं की ते म्हणतात, ‘छे, त्या दिवशी माझी शुगर कमी झाली होती.’

महापालिकेची मुदत १४ मार्च २०२२ ला संपत होती. मुदत संपायच्या सुमारास समित्यांना जी धाप लागते, ती लागली. महिनोन्‌महिने पडलेले विषय गठ्ठ्यानं पुढे येऊ लागले. पुकारा, मंजूर, पुकारा, मंजूर. त्या रपाट्यात मध्येच अप्पा उभे राहिले. हातात जुन्या शहराचं तेच डॉकेट, समासात लाल चिन्हांची रांग.

‘विषय चांगला आहे, अध्यक्ष महोदय. पण एक महिना पुढे...’

नगरसचिव अदबीनं वाकले. ‘साहेब, पुढचा महिना आपल्याला नाही.’

अप्पा क्षणभर गांगरले. असा प्रसंग त्यांच्यावर कधी आलाच नव्हता. मग त्यांनी चष्मा सावरला आणि उपसूचना दिली: विषय नव्या सभागृहाकडे पाठवावा. एकमतानं मंजूर.

आणि नवं सभागृह येईचना. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, सर्वोच्च न्यायालयातल्या तारखा. प्रशासक आले आणि आयुक्तच समिती, आयुक्तच मुख्य सभा असा कारभार सुरू झाला. इतर माजी मंडळी हळहळत होती. अप्पा रोज सकाळी पेपरात तारीख पुढे गेल्याची बातमी वाचायचे आणि प्रसन्न चेहऱ्यानं चहा मागायचे. महिनाभराची मुदत मागण्यात त्यांची हयात गेली होती; इथे अख्ख्या राज्यातल्या महापालिकांना ती वर्षावर्षानं मिळत होती. मे २०२५ मध्ये न्यायालयानं निवडणुका घ्या म्हणून बजावलं, आणि जानेवारी २०२६ मध्ये एकदाचं मतदान झालं.

त्याआधी तिकिटासाठी अप्पा पक्ष कार्यालयात गेले होते. शहराध्यक्ष निम्म्या वयाचा. त्यानं अप्पांना वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली, चहा मागवला. ‘अप्पा, तुमचं नाव चांगलं आहे. अनुभव चांगला आहे. वरती सगळ्यांना तुमच्याबद्दल आदर आहे. फक्त जरा अभ्यास करून कळवतो.’

अप्पांनी चहा तसाच ठेवला, जिना उतरताना खिशातून निळं पेन काढून वर्तमानपत्राच्या कडेला एक नंबर लिहून घेतला, आणि कोपऱ्यावर पोचायच्या आत समोरच्या पक्षाला फोन लावला.