आधी आकडा सांग

"अगं, पुरे झालं त्या तुळशीला पाणी. भिंतीखालून माझ्या अंगणात यायला लागलंय."

"अय्या, लक्षच नव्हतं काकू."

"ते दिसतंय. काल नव्वद फुटी रोडवर मेथी घेतलीस, पैसे दिलेस आणि जुडी तिथेच ठेवून चालू लागलीस. मी आणलीय, जाताना घे. परवा तुझ्या लेकीचा सीएचा निकाल लागला ना? आमच्या नातीच्या मैत्रिणीचे पेढे आले, तुझ्याकडून काही आलं नाही. तेव्हाच समजले मी."

"हळू बोला हो. सासूबाई आत आहेत. त्यांना सांगितलं नाहीये अजून. हे पुण्याला गेलेत, त्यांनाही नाही. इंटरचा पहिला ग्रुप गेला."

"किती मार्कांनी?"

"ते नाही विचारलं."

"नाही विचारलंस?"

"कसं विचारू? दोन दिवस दार लोटून बसलीय. उगाच जखमेवर मीठ चोळायचं."

"मिठागर रोडवर राहतेस आणि मिठाला कसली घाबरतेस? चार मार्कांनी गेलं आणि चाळीस मार्कांनी गेलं, यात फरक आहे की नाही? तू विचारलं नाहीस म्हणजे तिला काय वाटणार, आई धरूनच चाललीय की चाळीसच असणार."

"मी समजावलं हो तिला. म्हटलं, बाई, दोन वर्षांपूर्वी घाटकोपरला छेडानगरच्या पंपावर होर्डिंग कोसळलं, सतरा माणसं गेली. घरी निघालेली माणसं. आणि आपण एका परीक्षेसाठी रडतोय."

"मग?"

"मग ताटावरून उठली."

"उठणारच. माझीही चुलत बहीण अशीच होती. काही सांगायला जावं तर हिच्याकडे त्याहून मोठं दुःख तयार. शेवटी आम्ही तिला काही सांगणंच सोडून दिलं. मोठ्याची वजनं घेऊन लहानाचं दुःख तोलायचं नसतं गं. बरं, बी विंगमधले बेस्टवाले काका माहितीयेत ना तुला?"

"रोज सकाळी चालायला जातात ते?"

"तेच. तू नवीन होतीस तेव्हा. पीएमसी बँकेचं झालं ना, सप्टेंबर 2019. पितृपक्ष चालू होता, म्हणून माझ्या लक्षात आहे. मंगळवारी सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज. रिझर्व्ह बँकेचे निर्बंध, खात्यातून हजार रुपये काढता येतील. लोकांना वाटलं दिवसाला हजार. मग कळलं, सहा महिन्यांत मिळून हजार! दोन दिवसांनी दहा हजार केले, ऑक्टोबरात पंचवीस, मग चाळीस, नोव्हेंबरात पन्नास. लाखावर यायला 2020 चा जून उजाडला, तोवर लॉकडाऊन. बँकेचं मुख्य ऑफिस इथेच, भांडुपच्या ड्रीम्स मॉलमध्ये. मुलुंड-भांडुपच्या किती घरांत त्या वर्षी दिवाळीचा कंदीलच लागला नाही."

"बिल्डरचं कर्ज ना ते?"

"एचडीआयएलचं. बँकेच्या एकूण कर्जातलं सत्तर टक्क्यांच्या वर त्या एकाच घराला, आणि ते लपवायला हजारोंनी खोटी खाती. आपल्याला दोन लाखांचं कर्ज हवं तर दोन जामीन आणि चार चेक मागतात, ते सोड. तर या काकांची ग्रॅच्युइटी, फंड, सगळं तिथे. अठरा लाख. व्याज पाऊण-एक टक्का जास्त मिळतं म्हणून ठेवलेले. आणि बायकोला, म्हणजे आपल्या मावशींना, पत्ता नाही!"

"कमाल आहे. टीव्हीवर तर दिवसभर तेच चालू होतं."

"घरातला टीव्हीच बंद केला त्यांनी. केबल गेलीय म्हणाले. सकाळी पिशवी घेऊन भाजीला म्हणून निघायचे आणि शाखेच्या दारात रांगेत जाऊन उभे राहायचे. रिकामी पिशवी घेऊन परत. मावशींना वाटलं, माणूस भ्रमिष्ट झाला. पाचव्या दिवशी, सर्वपित्रीच्या संध्याकाळी, माझ्याकडे टीव्ही बघायला बसल्या होत्या. बातम्यांत रांग दाखवली, आणि रांगेत हे! हातात यांचीच पिशवी."

"बाई गं."

"घरी जाऊन ओरडल्या नाहीत. आधी वाढलं, जेवू दिलं. मग म्हणाल्या, किती? काका म्हणाले, थोडे अडकलेत, सुटतील. पुन्हा म्हणाल्या, किती? हे मला त्यांनीच सांगितलंय हं, मी काही कान लावून बसले नव्हते. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कपाट उघडून त्यांनी रबर लावलेला पावत्यांचा गठ्ठा काढला. दोघांनी त्या टेबलावर पत्त्यांसारख्या मांडल्या आणि मावशींनी कालनिर्णयच्या पानावर, दुधाचा खाडा लिहितो ना आपण, त्याच चौकटीत पेन्सिलीने बेरीज केली. अठरा लाख वीस हजार. मग खाली लिहिलं काय काय आहे ते. घर स्वतःचं, कर्ज नाही, मुलाचा पगार, गावची आंब्याची कलमं. चार दिवस मला वाटत होतं, घर गेलं, नाहीतर यांना कॅन्सर झाला, असं म्हणाल्या. त्यामानाने अठरा लाख समोर आले तेव्हा निदान रात्री झोप लागली."

"पण पैसे तर गेलेच ना?"

"गेले कुठे, सांगते. आधी—"

"एकशे शेहेचाळीस!"

"आई? तुम्ही खिडकीत कधीपासून आहात?"

"मेथीपासून. 146 मार्क आहेत तिला, दीडशे हवे होते. तिन्ही पेपरांत चाळिसाच्या वर आहेत, बेरजेत चार कमी पडले. टॅक्सला बासष्ट आहेत. साठच्या वर गेलं की त्या पेपरातून सूट मिळते म्हणे, पुन्हा द्यावा लागत नाही."

"तुम्हाला हे सगळं कधी कळलं?"

"निकाल लागला त्याच रात्री. आम्ही एका खोलीत झोपतो, विसरलीस का? ती उशीत तोंड खुपसून रडणार आणि मला ऐकू येणार नाही? मी विचारलं, किती कमी पडले, तर दिवा लावून मोबाइलच दाखवला. तुला सांगू नको म्हणाली. तू आधीच ब्लडप्रेशरवाली."

"म्हणजे मी तुमच्यापासून लपवतेय आणि तुम्ही माझ्यापासून?"

"दोन खोल्यांचं घर आहे, चालायचंच. आता मेच्या परीक्षेचा फॉर्म याच महिन्यात भरायचाय. हल्ली वर्षातून तीनदा असते इंटर, पूर्वीसारखं सहा महिने थांबावं लागत नाही. तिच्या बापाला फोन कर, पैसे भरायला त्याचं कार्ड लागेल. आणि तो कितीने गेलं विचारेल, तेव्हा चारने असं आधी सांग, नापास नंतर."

"हेच मी मघापासून सांगतेय."

"ऐकलं मी. पण तुम्ही बेस्टवाल्यांचं मधेच सोडलंत. त्यांच्या पैशांचं काय झालं?"

"हां. तर 2022 च्या जानेवारीत ती बँक युनिटी स्मॉल फायनान्समध्ये विलीन झाली. ठेवींचा विमा 2020 पासून लाखाचा पाच लाख केला होता, म्हणून पहिले पाच लाख त्यातून सुटले. मग वर्षाने पन्नास हजार, दुसऱ्या वर्षी पन्नास, तिसऱ्या वर्षी लाख, चौथ्या वर्षी अडीच, पाचव्या वर्षी साडेपाच. मावशी दर वर्षी नवं कालनिर्णय आलं की जानेवारीच्या पंचवीस तारखेला आधी आकडा लिहून ठेवतात, मग हळदीकुंकवाचा दिवस बघतात."

"आणि पंधरा लाखांच्या वरचे?"

"ते दहा वर्षांनी. जानेवारी 2032. काका आता एकोणसत्तरचे आहेत. म्हणून तर जिलबी सोडलीय आणि पाऊस असो नसो, संभाजी मैदानाला रोज पाच फेऱ्या."