लाटा, बिबट्या आणि विश्रांती

सर्फिंग, वन्यप्राणी आणि विश्रांती एकाच सहलीत हवी असणाऱ्यांना हल्ली सगळे श्रीलंका सुचवतात. सूचना चूक नाही, फक्त घड्याळ आड येतं. वेलिगामाच्या लाटा नवशिक्यांना मानवणाऱ्या, पण वारा सुटायच्या आत, म्हणजे भल्या सकाळी पाण्यात उतरायचं. याला उद्यानातला बिबट्या हवा, तर पहाटेच फाटकाशी जीपच्या रांगेत लागायचं. मिरिस्साहून देवमासे दाखवणारी बोटही सकाळचीच. उरली विश्रांती. ती जीपमध्ये मान टाकून घ्यावी. (छायाचित्रात ती ध्यानधारणा म्हणून खपते.)

कॅलेंडरही असंच खट्याळ. वेलिगामा, मिरिस्साचा हा दक्षिण किनारा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल चांगला. पूर्वेच्या अरुगम बेच्या लाटा त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत. आपल्या सुट्ट्या मात्र मे महिन्यात! तेव्हा वेलिगामा गाठणारा मराठी माणूस नैर्ऋत्य मोसमी पाऊस पैसे मोजून बघतो. तोच पाऊस जूनमध्ये त्याच्या दारी फुकट येणार असतो.

म्हणून मे महिन्यातच जायचं असेल, तर मुकाट्याने अरुगम बे गाठा. बिबट्या, हत्ती जवळच्या कुमना उद्यानातही आहेत. आणि विमानाचं तिकीट काढण्याआधी घरात विचारून घ्या, पहाटे उठणार कोण?