पूर्वेची बाजू

नवीन पनवेलमध्ये पन्नाशी उलटलेल्या माणसाचा एक विकार जुलैमध्ये हमखास बळावतो. चार दिवस कोसळून पाऊस जरा उघडीप देतो, पूर्वेचं धुकं वर सरकतं आणि प्रबळगड, त्याच्या डाव्या हाताला कलावंतिणीचा सुळका, मागे माथेरानचं लांबलचक पठार, उजवीकडे इर्शाळ अशी सगळी मंडळी हिरवीगार होऊन समोर उभी राहतात. मग एरवी शहाणासुरता असलेला माणूस चहाचा कप घेऊन गॅलरीत येतो आणि आतल्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणतो, "हा फ्लॅट विकावा आणि सरळ डोंगरात जाऊन राहावं."

आतून उत्तर येत नाही. कुकरची शिट्टी येते.

मीही या रोग्यांपैकीच. आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या कंपूत हा विषय मधुमेहाच्या खालोखाल चघळला जातो. प्रत्येकाकडे कारणांची यादी तयार असते आणि ती थोड्याफार फरकाने एकच असते. शुद्ध हवा, झऱ्याचं पाणी, अंगणातली भाजी, नीरव शांतता. यादीत कुणी न लिहिलेलं पाचवं कारण म्हणजे सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा. डोंगरात सिंकिंग फंड भरावा लागत नाही.

बिल्डर लोकांनी हा विकार डॉक्टरांच्या आधी ओळखला. स्टेशनच्या पूर्वेकडून सुकापूर, नेरे करत जो रस्ता मालडुंग्याच्या दिशेने जातो, त्याला इथे सगळे माथेरान रोड म्हणतात. त्याच्या दुतर्फा इमारती उठल्या आहेत आणि प्रत्येकीच्या जाहिरातीत डोंगर, झाड आणि योगासन करणारी एक बाई असते. प्रत्यक्षात हा रस्ता माथेरानला पोचतच नाही. तो धोदाणीला, डोंगराच्या पायथ्याशी, हात वर करतो. पुढे सनसेट पॉइंटपर्यंत पायवाट आहे आणि ती आपली आपण चढायची असते. पायवाटेचा उल्लेख जाहिरातीत नसतो. चढणाऱ्या बाईचा फोटो योगासनाइतका प्रसन्न येत नसावा.

खरं तर आमचं घराणं डोंगराच्या दिशेने कधीचंच निघालेलं आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली, खाडीपलीकडे हळूहळू वसाहती उभ्या राहू लागल्या, तेव्हा वडिलांनी गिरगावातली चाळीची खोली सोडून इथे घर घेतलं. लोकल पनवेलपर्यंत यायला १९९८ उजाडायचं होतं. तोवर एसटीचे धक्के. चाळीतले विचारत, "का हो, इतक्या लांब?" वडील सांगत, "हवा चांगली आहे. खिडकीतून डोंगर दिसतो." म्हणजे माझी यादी मला वारशातच मिळाली. फक्त वडिलांच्या लेखी नवीन पनवेल हाच डोंगराळ प्रदेश होता, आणि चाळीतल्यांच्या लेखी तर जंगल.

या विकाराचा आमच्या भागातला पहिला नोंदलेला रुग्ण मात्र साहेब होता. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५०च्या मे महिन्यात चौकच्या बाजूने वर चढला, माथेरानचं पठार पाहून हरखला आणि पुढे त्याने तिथे घरच बांधलं. कारणं? गारवा आणि हवा. मेमधलं कोकण आणि अंगात साहेबी कपडे, तेव्हा त्याला दोष देता येत नाही. पण इतिहासात 'मॅलेटने माथेरान शोधलं' असं लिहितात. त्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या वावरणाऱ्या ठाकर, धनगर, कातकऱ्यांना आपण हरवलो आहोत याची तोवर कल्पना नव्हती. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांची छोटी गाडी नेरळहून वर गेली आणि मॅलेटचा विकार तिकीट काढून सगळ्यांना उपलब्ध झाला.

तिथे कायम राहणारा माणूस काय म्हणतो, हे विचारावं असं मला बरेच दिवस वाटत होतं. असे एक गृहस्थ पनवेलच्या एका दुकानात भेटले. फ्रीज घ्यायला आले होते. माझं लक्ष फ्रीजच्या किमतीकडे, त्यांचं वजनाकडे. माथेरानात मोटारींना बंदी. टेम्पो दस्तुरीपर्यंत जातो, पुढचं सगळं घोड्यावर, हातगाडीवर नाहीतर माणसाच्या पाठीवर. त्यामुळे सेल्समन विजेची बचत समजावत होता आणि हे दोन हातांनी फ्रीज तिरका करून बघत होते.

"पण पावसाळा काय सुंदर असेल!" मी म्हणालो.

"हो ना," ते म्हणाले, "घरातसुद्धा येतो."

वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे. पापड मऊ, चपलांना बुरशी, काडेपेटी डब्यात, डबा दुसऱ्या डब्यात. मी शांततेचं विचारलं. "शनिवार-रविवार सोडून असते," ते म्हणाले. मग त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही नवीन पनवेलला? मजा आहे. दवाखाने, स्टेशन, सगळं पायाशी. आमचा मुलगा म्हणतोय, तिकडेच एखादा वनबीएचके बघू." आम्ही दोघांनी एकमेकांचे नंबर घेतले. घरांची अदलाबदल करण्याचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही.

भाजीचं कारण निकालात काढलं ते बाजारातल्या एका मावशींनी. जूनच्या सुरुवातीला डोंगरातल्या बायका पाट्या घेऊन पनवेलला येतात. शेवळं, टाकळा, मग फोडशी, भारंगी, कंटोळी. शेवळांच्या जुड्यांशेजारी हिरव्या, आवळ्याएवढ्या काकडांचा वाटा मांडलेला असतो. शेवळं खाजरी, त्यांची खाज काकडं मारतात. नवखं गिऱ्हाईक नुसतीच शेवळं उचलतं तेव्हा मावशी दटावतात, "काकडं घे, नायतर घसा धरंल." मी त्यांना माझा बेत सांगितला. त्यांनी शेवळांवर पाणी शिंपडता शिंपडता विचारलं, "शेवळं ओळखतंस जंगलात?" मी म्हटलं, नाही. "मंग खाशील काय?"

त्यांचा मुलगा सुकापूरला भाड्याची खोली घेऊन राहतो, इमारतींच्या कामावर जातो. जिला शेवळं कुठे उगवतात ते ठाऊक, तिचा मुलगा माथेरान रोडवर इमारती बांधणार आणि ज्याला काकडंही आठवणीने घेता येत नाहीत, तो म्हणणार मी डोंगरात जातो. या व्यवहारात डोंगराच्या पदरात काय पडणार, याचा हिशेब आमच्या यादीत कुठेच नव्हता.

डोंगर सोडायची कारणं आमच्या यादीपेक्षा कितीतरी भारी असू शकतात. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाच्या अंगावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. वाचलेल्यांसाठी खाली चौकजवळ सिडकोने घरं बांधली. ज्या सिडकोच्या घराने माझ्या वडिलांना डोंगर दाखवला, त्याच सिडकोच्या घरात वाडीतली माणसं डोंगर सोडून आली. तेव्हापासून उघडिपीनंतर इर्शाळकडे बघताना 'वा!' तोंडातून पूर्वीसारखं सहज निघत नाही.

आणि डोंगराचं म्हणाल, तर आमच्या तालुक्यात स्थलांतर त्यालाही चुकलेलं नाही. पश्चिमेला उलव्याची टेकडी होती, नव्वदेक मीटर उंच. विमानतळासाठी ती सुरुंग लावून फोडली, तिच्याच दगडमातीचा भराव घालून जमीन उंचावली, उलवे नदीला वळवून दुसरीकडून नेलं. ८ ऑक्टोबर २०२५ला विमानतळाचं उद्घाटन झालं. आता तिथून विमानात बसून लोक हिमालय बघायला जातील. धावपट्टीखाली एक टेकडी निजली आहे, हे त्यांना कुणी सांगू नये. सुट्टीचा मूड जातो.

दुरून डोंगर साजरे, असं मला आजवर निदान सासरच्या प्रत्येक माणसाने ऐकवलं आहे. म्हणीचा रोख असा, की जवळ गेल्यावर डोंगराचे दगडधोंडे दिसतात. मला वाटतं, गाऱ्हाणं डोंगराने करायला हवं. दुरून माणसं साजरी असतात, गॅलरीत उभी राहून कौतुक करतात. जवळ आली की रस्ता मागतात, मग पार्किंग मागतात, मग रोपवे मागतात आणि शेवटी माकडांची तक्रार करतात. गाढी नदी माथेरानच्या उतारावरून निघून देहरंगच्या धरणात थांबते आणि जुन्या पनवेलच्या नळाला येते. हवा रात्री आपली आपण खाली उतरते, भाजी मावशी आणतात. डोंगर जमेल तेवढा रोज आपल्याकडे येतोच आहे. आपण वर जायचा आग्रह धरला नाही, एवढंच सौजन्य त्याला आपल्याकडून हवं असावं.

हे सगळं मी घरी मोठ्या गांभीर्याने मांडलं. बायको म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावर दूध आणून दिलंत की अर्धा तास बसता. डोंगराचं कसलं घेऊन बसलात?" आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. युक्तिवादात एवढी चढण मला कुणी दाखवली नव्हती.

आता तिचा पुनर्विकास व्हायचा आहे. बिल्डरचा माणूस आला, नकाशे पसरले, लिफ्ट तीन असतील म्हणाला आणि प्रत्येक सभासदाकडून एक फॉर्म भरून घेतला. पसंतीची दिशा, असा त्यात एक रकाना होता. डोंगरात जायला निघालेले, न निघालेले, निघणाऱ्यांना हसणारे, एकूणएक सभासदांनी तिथे 'पूर्व' लिहिलं. हसणाऱ्यांत माझी बायको पहिली, आणि फॉर्म आमच्या घरी तिनेच भरला. बिल्डरचा माणूस गठ्ठा चाळून सेक्रेटरींना म्हणाला, "साहेब, बिल्डिंगला पश्चिमसुद्धा लागते हो."

त्यासाठी आता विशेष सर्वसाधारण सभा बोलावली आहे.