लवकर सुटलेली गाडी

आमच्या सोसायटीत मूल जन्माला आलं की पेढ्यांचा पहिला पुडा नानांकडे जातो. हा मान वयाचा नाही, धाकाचा आहे. पेढा हातात घेऊन, पण तोंडात न टाकता नाना विचारतात, "बीसीजी झालं? झिरो पोलिओ? आणि ब काविळीचं, चोवीस तासांच्या आत?" बाळाचा बाप नाक आईवर गेलंय की आत्यावर, या चर्चेतून नुकताच उठून आलेला असतो. तो म्हणतो, "बहुतेक झालं." पेढा परत पुड्यात जातो. "बहुतेक"वर नाना पेढा खात नाहीत.

नाना एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. निम्मी नोकरी साताऱ्याच्या स्टँडवर, शेवटची वर्षं स्वारगेटला. कंट्रोलच्या खिडकीत बसून आयुष्यभर त्यांनी लोकांच्या गाड्या कुठल्या फलाटावर लागल्यात ते सांगितलं, त्यामुळे आवाजात अजून खरखर आहे आणि घरात पाणी मागायचं तरी ते दोनदा मागतात. वैद्यकशास्त्राशी त्यांचा संबंध नाही. गोवराचं पुरळ कुठलं आणि कांजिण्यांचं कुठलं, हे त्यांना विचाराल तर ते खिडकीबाहेर बघतील. पण गोवराच्या दोन डोसांत निदान किती दिवस जायला हवेत हे विचारा, झोपेतून उठून सांगतील.

त्यांच्याकडे एक वही आहे. हिशेबाची, लांबट, लाल पुठ्ठ्याची. सोसायटीतल्या प्रत्येक पोराला तिच्यात एक ओळ आणि वर रकाने: जन्म, दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने, दीड वर्ष, पाच वर्षं, दहा, सोळा. सरकारी कार्डावर हेच सहा, दहा आणि चौदा आठवडे असं छापलेलं असतं, पण आपल्याकडच्या कुठल्या आईने कधी आठवडे मोजलेत? "दीड महिन्याचं इंजेक्शन" म्हटलं की तिला सगळं कळतं: पेंटाची सुई, रोटाचे थेंब, पोलिओचे थेंब, रात्रीचा ताप, मांडीवरची गाठ आणि ती शेकावी की नाही यावर दोन आज्यांचं भांडण.

या सगळ्या वेळापत्रकात नानांनी एक तत्त्व शोधून काढलंय, आणि ते गीतेत असल्यासारखं सांगतात. "गाडी उशिरा सुटली तर चालते. पॅसेंजर शिव्या देतो, पण बसतो. लवकर सुटलेली गाडी मात्र चालत नाही. ती रिकामी जाते." गंमत म्हणजे हे शास्त्राला धरून आहे. डोस चुकला, महिनाभर उशीर झाला, तर मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. राहिली तिथून पुढे चालवतात. पण दोन डोसांमधलं किमान अंतर पाळलं नाही, किंवा ठरल्या वयाच्या फार आधी टोचलं, तर तो डोस धरतच नाहीत. हे आमच्या मजल्यावरच्या एका आयटीवाल्याला त्याच्या डॉक्टरांनी समजावलं होतं, त्याला कळलं नव्हतं. नानांनी सांगितल्यावर कळलं, कारण त्याची एकदा कोल्हापूरची गाडी पाच मिनिटं आधी सुटली होती.

नानांच्या दंडावर रुपयाएवढे दोन व्रण आहेत. देवीचे. ते लहान असताना गावात देवी डॉक्टर यायचा. तो डॉक्टर नसायचा, पण लोक त्याला म्हणायचे डॉक्टर आणि बघायचे यमदूतासारखं. शाळेत तो पुढच्या दाराने शिरला की अर्धा वर्ग मागच्या खिडकीतून ओढ्यात. नानांना त्यांच्या आजीने कणगीत लपवलं होतं. ते ज्वारीमुळे शिंकले आणि सापडले. देवीची शेवटची केस आपल्या देशात १९७५ साली झाली. नाना ते "मार्ग बंद झाला" अशा शब्दांत सांगतात, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा एसटीतल्या माणसाचा असूनही आनंदी असतो.

सूनबाई आल्या तेव्हा घरात दुसरं वेळापत्रक आलं. खासगी बालरोगतज्ज्ञांच्या क्लिनिकमधलं, गुळगुळीत कागदावरचं, फ्रिजवर चिकटवायचं. त्यात सरकारी सगळं होतंच, शिवाय टायफॉइड, कांजिण्या, अ कावीळ, दर वर्षी फ्लूची एक आणि गोवराबरोबर गालगुंड धरणारी एमएमआर. शिवाय प्रश्न: "पेनलेस देऊ की साधं?" पेनलेसमध्ये डांग्या खोकल्याचा भाग वेगळ्या पद्धतीने केलेला असतो, ताप कमी येतो आणि बापाचा खिसा दुखतो. सूनबाईंचा कल तिकडे. नानांनी निकाल दिला: "ती ट्रॅव्हल्स. एसी, पाण्याची बाटली, पडदे. आपली लाल गाडी त्याच गावाला जाते." आणि नातीला कडेवर घेऊन ते महापालिकेच्या दवाखान्यात रांगेत उभे राहिले. ट्रॅव्हल्स चार गावं जास्त घेते, हा सूनबाईंचा मुद्दा त्यांनी त्या वेळी ऐकला नाही. तो पुढे ऐकावा लागला.

नानांच्या मते लसीकरणाचा खरा शत्रू अफवा नाही, झेरॉक्स आहे. नर्सरीच्या ॲडमिशनचा हंगाम आला की त्यांच्या दारात रांग लागते. शाळेच्या फॉर्मवर जन्मदाखला, आधार, चार फोटो आणि "लसीकरण कार्डाची प्रत" असा कॉलम असतो. ज्यांनी तीन वर्षांत कार्ड उघडलेलं नसतं ते रात्री साडेदहाला ते शोधतात. एकाचं माळ्यावर, एकाचं माहेरी, एकाचं माळ्यावरून पाणी गळून पुसलेलं. एका हौशी बापाने तर मूल तीन महिन्यांचं असतानाच कार्ड लॅमिनेट केलं होतं. नाना ते उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "फार सुंदर. पुढच्या नोंदी आता कुठे करायच्या, तुझ्या कपाळावर?"

तर हे सगळं जमवून, वहीवरून तारखा भरून, नाना एकदा शेजाऱ्याच्या मुलाबरोबर स्वतः शाळेत गेले. क्लार्कने प्रत घेतली, टाचणी मारली, गठ्ठ्यात टाकली.

"बघितलं नाही तुम्ही," नाना म्हणाले.

"काय बघायचं?"

"पाच वर्षांचा बूस्टर व्हायचाय अजून. उगीच झालाय असं समजाल."

"आजोबा, झेरॉक्स लावलीय ना? मग झालं."

नाना त्या दिवशी जेवले नाहीत. लस नाही म्हणून पोराला शाळेबाहेर ठेवा असा कायदा आपल्याकडे नाही, आणि नसलेला बराच, कारण ज्याचं कार्ड हरवतं त्या घरात आधीच पुष्कळ काही हरवलेलं असतं. पण नानांचं दुःख त्याहून बारीक होतं. मागितलं होतं, दिलं होतं, आणि वाचलं कोणीच नव्हतं. ज्याने तीस वर्षं वेळापत्रकाचे फलक रंगवून घेतले आणि त्याच फलकाखाली उभं राहून लोकांना "पंढरपूरची किती वाजता?" विचारताना ऐकलं, त्याला हे दुःख नवीन नव्हतं. पण जुनंही झालं नव्हतं.

एकदाच शाळांनी मनावर घेतलं होतं, २०१८च्या नोव्हेंबरात. गोवर-रुबेलाची मोहीम राज्यात सुरू झाली, नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्या पोरांना, आणि सुरुवात शाळांपासून. व्हॉट्सॲपवर त्या आठवड्यात जे जे आलं त्याने शहाणी माणसंसुद्धा कणगी शोधायला लागली. आमच्या इमारतीतला वाद मात्र अफवांचा नव्हता, हिशेबाचा होता. "आमच्या चिन्मयचे दोन्ही डोस झालेत, मग आता तिसरा कशाला?" आधी घेतलेला असला तरी मोहिमेचा घ्यायचा, असं सांगितलं होतं. नाना दोन दिवस अस्वस्थ होते. त्यांच्या वहीत या डोसाला रकानाच नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यांनी पट्टी घेतली, शेवटी एक उभी रेघ ओढली आणि वर लिहिलं: "जादा गाडी". मग शाळेच्या फाटकाशी उभं राहून पालकांना सांगू लागले, "यात्रेला जादा गाड्या सोडतात. त्या वेळापत्रकात नसतात म्हणून कोणी त्यात बसत नाही का?" मोहिमेच्या पत्रकात यापेक्षा बरं वाक्य मी वाचलं नाही.

नातीचा जन्म मार्च २०१९चा. नवव्या महिन्याचा गोवर-रुबेला १० डिसेंबरला, दुसरा २५ ऑगस्ट २०२० रोजी, भर कोरोनात, दोन मास्क आणि वर सूनबाईंची ओढणी बांधून. वहीतली ती ओळ नाना पाहुण्यांना दाखवत. वयापर्यंतचा एकही रकाना रिकामा नाही, एकही तारीख लवकर नाही. मग २०२४च्या उन्हाळ्यात चिरंजीवांची बदली न्यू जर्सीत झाली, एडिसनला, जिथे आता पोहे आणि कांदेनवमी दोन्ही वेळेवर होतात. नात बालवाडीच्या पुढच्या वर्गात, तिकडच्या किंडरगार्टनमध्ये जाणार. नानांनी कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पासपोर्टांच्या वर ठेवलं.

आठवड्याने फोन आला. शाळेच्या नर्सने कार्ड नापास केलं होतं.

पहिली गोष्ट, गोवराचा नऊ महिन्यांचा डोस मोजला नव्हता. तिकडच्या नियमाने पहिला डोस पहिल्या वाढदिवसाला किंवा त्यानंतरच हवा, आधीचा नाही. दुसरी गोष्ट, दोन्ही डोस गोवर-रुबेलाचे, त्यात गालगुंड नाही. त्यांना हवी एमएमआर. तिसरी, कांजिण्यांची लस कुठे आहे? ती लाल गाडीच्या मार्गावर नव्हतीच. चौथी गोष्ट ऐकून तर नाना खुर्चीत बसले: तोंडाने पाजलेले पोलिओचे थेंब धरले नव्हते. २०१६च्या एप्रिलपासून जगभर त्या थेंबांत दोनच जातींचा विषाणू असतो, कारण दुसरी जात संपली; आणि त्यांना संरक्षण तिन्हींचं हवं. ज्या माणसाने पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर बसून पोरांच्या करंगळीला शाई लावली, त्याच्या नातीचे थेंब शून्य.

घरात सगळ्यांना वाटलं, आता नाना अमेरिकेला पत्र लिहिणार. नाना म्हणाले, "तिने तारखा कशा वाचल्या?"

चिरंजीवांना प्रश्न कळला नाही. नानांनी समजावलं. त्या लोकांत महिना आधी लिहितात. कार्डावर १०/१२/२०१९ असं होतं. तिच्या पद्धतीने तो बारा ऑक्टोबर. मुलगी सात महिन्यांची. "मग नऊ महिन्यांचा हे तिला कसं कळलं?"

चिरंजीवांनी नर्सला विचारलं असावं, कारण उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तिने खालची ओळ बघितली होती. २५/०८/२०२०. पंचविसावा महिना नसतो, म्हणजे हे लोक दिवस आधी लिहितात, म्हणजे वरचाही डिसेंबरच. तिने पेन्सिलीने कडेला दुरुस्त करून ठेवलं होतं.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वाचलंय बाईने. ओळ न् ओळ वाचलंय." इतक्या वर्षांत त्यांचं कार्ड पहिल्यांदाच कोणी वाचलं होतं.

त्यानंतर नाना तिच्या पक्षात गेले ते गेलेच. सूनबाई म्हणाल्या, "मी तेव्हाच सांगत होते, कांजिण्यांची घेऊ." नाना म्हणाले, "बरोबर आहे तुझं," आणि घरातल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी मुद्दाम चिडवलं, "नाना, आपल्याकडे नऊ महिन्यांना देतात ते चूक मग?" तेव्हा ते तयारच होते. त्यांनी डॉक्टरांना गाठून विचारून घेतलं होतं. बाळाला आईकडून मिळालेलं संरक्षण काही महिने टिकतं, आणि ते शिल्लक असताना लस दिली तर ती नीट धरत नाही. वर्षानंतर चांगली धरते. पण आपल्याकडे गोवर वर्षभर थांबत नाही, तो आधीच गाठतो. म्हणून आपण नवव्या महिन्याला सोडतो आणि दीड वर्षाला परत सोडतो. "म्हणजे नवव्या महिन्याची ती जादा गाडी," नाना म्हणाले. "गर्दी बघून सोडलेली. तिकडे यात्राच नाही, तर ती का मोजतील?" त्याच रात्री त्यांनी नातीच्या ओळीत १० डिसेंबरची तारीख नऊ महिन्यांच्या रकान्यातून काढून शेवटच्या रकान्यात नेली.

नातीला शाळेत बसू दिलं, एकेक डोस घेऊन, उरलेले ठरल्या तारखांना. एमएमआरचा पुढचा अठ्ठावीस दिवसांनी होता. चिरंजीवांनी सव्विसाव्या दिवशीची अपॉइंटमेंट घेतली, शनिवार पडत होता म्हणून. नानांनी ती पुण्यातून रद्द करायला लावली.

सध्या त्यांच्या डोक्यात वेगळंच आहे. सोसायटीतल्या सगळ्या पोरांच्या कार्डांचे फोटो त्या बाईंना पाठवावेत, सवडीने तपासून देतील. असं चालत नाही, हे आम्ही परोपरीने सांगून पाहिलं. पण त्यांनी वेळसुद्धा काढून ठेवलीय: तिकडे सकाळी नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेसात. वहीच्या पुठ्ठ्यावर आतून दोन्ही वेळा लाल शाईने लिहिल्या आहेत, आणि खाली, "बदलाच्या सूचना फलकावर पाहाव्यात."