कियांती आणि यवतमाळचा उन्हाळा

कियांती ही इटलीतल्या तोस्काना प्रांताची लाल वाइन. ती मुख्यतः सांजोवेझे या द्राक्षापासून होते. चव आंबटसर, तुरटपणा जिभेला जाणवेल इतपत आणि अंगलट मध्यम. तिच्यातल्या द्राक्षांचं प्रमाण ठरवण्याचं श्रेय बेत्तिनो रिकासोली यांना जातं. दोनदा इटलीचे पंतप्रधान राहिलेल्या या गृहस्थांनी 1872 साली एका प्राध्यापकाला पत्रातून कळवलं की वास आणि जोम सांजोवेझेने येतो, कनायोलोने वाइन मवाळ होते आणि माल्वाझिया हे पांढरं द्राक्ष फक्त लवकर पिऊन टाकायच्या वाइनीत घालावं. माजी पंतप्रधानाच्या पत्राने इतकं लोकोपयोगी काम क्वचितच केलं असेल.

सांजोवेझे महाराष्ट्रातही रुजलं आहे. 2007 साली सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या मोहिते-पाटील बंधूंनी इटलीच्या सेच्ची बंधूंशी आणि दिल्लीच्या सेखरी बंधूंशी भागीदारी करून ‘फ्रातेल्ली’ ही वाइन कंपनी उभी केली. सख्खे भाऊ बांधावरून कोर्टात जातात त्या मुलखात तीन घरच्या भावांनी एकत्र धंदा काढला, हीच वाइनीपेक्षा मोठी बातमी. वाइन घडवायला तोस्कानाचे पिएरो मासी आले. तोस्कानात वेल थंडीत झोपतो, सोलापुरात तो झोपायला तयार नसतो. म्हणून एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी, अशी दोनदा कात्री चालते. तिकडची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, इकडची साधारण जानेवारी ते मार्च.

यवतमाळ जिल्हा कापसाचा. कियांतीशी त्याचा संबंध येतो तो सांभाळण्यापुरता, आणि तेच अवघड. लाल वाइन घरातल्या तापमानाला प्यावी, असं जुनी पुस्तकं सांगतात. ते घर युरोपातलं, 16 ते 18 अंशांचं. यवतमाळात मे महिन्यात पारा 44 च्या पुढे जातो आणि कूलरसमोर घरातली माणसंच दाटीने बसलेली असतात. बाटलीला तिथे जागा मिळत नाही. अशा उष्म्यात ताज्या फळाचा वास जाऊन मुरंब्याचा येतो, बूच वर सरकू लागतं. म्हणून ‘लवकर प्यावी’ याचा अर्थ तोस्कानात दोन-तीन वर्षांत, तर याच जिल्ह्यातल्या दारव्ह्यात होळीच्या आत. फ्रिजमधून काढून वीस मिनिटं थांबावं, हा नियमही इथे पाच मिनिटांवर येतो. ताजेपणाचा आग्रह मात्र जिल्ह्याला नवा नाही. मोहाची पहिल्या धारेची कोणी मुरवत ठेवल्याचं ऐकिवात नाही.

जेवणात ती तुपात बुडवलेल्या रोडग्यांशी जमते, कारण तिचा आंबटपणा तूप कापतो. सावजी रश्श्यापुढे तिचा नाइलाज होतो. तिखटाने तुरटपणा वाढतो आणि दोष वाइनीवर येतो.

कायद्याप्रमाणे राज्यात वाइन पिण्याचं वय 21 पूर्ण, शिवाय परवाना हवा. तो आयुष्यभराचाही मिळतो, म्हणजे कियांतीपेक्षा बराच टिकतो. उरलेली बाटली घेऊन शेजारच्या वर्ध्याला पाहुणचाराला मात्र जाऊ नये. वर्धा नदीपलीकडे त्या जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि तपासणी नाक्यावर मध्यम अंगलटीची सबब चालत नाही.