टाकीएवढाच वाढतो

शोभेचे मासे विकणाऱ्यांच्या तोंडचं एक वाक्य मुंबईपासून कोल्हापूरपर्यंत तसूभरही बदलत नाही : "काळजी करू नका, मासा टाकीएवढाच वाढतो." समोर प्लास्टिकच्या पिशवीत तीन इंचांचं पिल्लू असतं. काळी पाठ, पांढरं पोट, लालभडक शेपूट आणि निवृत्त सुभेदारालाही हेवा वाटावा अशा मिशा. नाव रेड टेल कॅटफिश, मूळ गाव अ‍ॅमेझॉनचं खोरं. तिथं हे महाशय सहज मीटरभर वाढतात. गळाला लागलेल्या एकाचं वजन ५६ किलो भरलं होतं. पिल्लू अर्थातच हे सांगत नाही. विकणाराही सांगत नाही, कारण त्याला संध्याकाळपर्यंत अजून चार पिशव्या खपवायच्या असतात.

पुढची हकिकत बहुतेक घरांत सारखीच घडते. आधी टाकीतले गप्पी नाहीसे होतात. मग एंजल. मग तो महागाचा ऑस्कर, ज्याचं नाव मुलांनी हौसेनं ठेवलेलं असतं. संशय शेजारच्या मांजरावर जातो. तळाशी सुभेदार मिशा हलवत, पोट टेकून, अत्यंत निरागस चेहऱ्यानं पडून असतात. तोंडात मावेल ते अन्न, एवढंच या जातीचं शास्त्र. लहान टाकीत त्याची वाढ खुंटते हे अगदीच खोटं नाही; पण ती खुंटते घाण पाण्यानं आणि दुखण्यानं. जागेची अडचण ओळखून आवरतं घेण्याइतका समजूतदार मासा अजून जन्माला यायचा आहे.

अरोवानाची तऱ्हा वेगळी. हा मासा घरात कमी आणि बिल्डरच्या ऑफिसात किंवा दातांच्या डॉक्टरकडे जास्त दिसतो. वास्तुवाल्यांनी त्याला लक्ष्मीच्या खात्यात बसवलंय. मालकावरचं संकट तो स्वतःच्या अंगावर घेतो म्हणे. त्यामुळे मासा मेला, तर दुकानदार गंभीर होऊन सांगतो, "साहेब, तुमच्यावरचं होतं, त्यानं घेतलं," आणि दुसरा बांधून देतो. इतका बिनतक्रारीचा धंदा मला तरी दुसरा माहीत नाही.

बिचाऱ्याची घडण मात्र पाण्यावर झुकलेल्या फांद्यांकडे बघायची. वरच्या पानावर किडा दिसला की पाण्याबाहेर उसळी मारून तो टिपायचा, यासाठी त्याचं तोंड वर उघडतं. दिवाणखान्यात फांदी कुठली? तरी तो उडी मारतोच. म्हणून अरोवानाच्या टाकीच्या झाकणावर विटा ठेवलेल्या असतात. लक्ष्मी पळून जाऊ नये म्हणून केलेला बंदोबस्त. टाकीतल्या कित्येक अरोवानांचा डोळा पुढे खाली झुकतो. कारणाबद्दल हौशी मंडळींत मतं पुष्कळ, पण सिंगापुरात तो डोळा वर उचलायची शस्त्रक्रिया करून मिळते. आशियाई अरोवानाच्या जंगली माशांच्या व्यापारावर १९७५ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. विक्रीसाठी पाळलेल्याच्या अंगात मायक्रोचिप बसवतात. म्हणजे ओळखपत्र आहे, सौंदर्योपचार आहेत, फक्त हात-पाय हलवायला, चुकलो, पर हलवायला जागा नाही. नर अंडी आणि पिल्लं तोंडात धरून आठवडेच्या आठवडे उपाशी राहतो, हे त्या ऑफिसात कुणाला ठाऊक असेलसं वाटत नाही.

पण या सगळ्यांवर कडी करतो तो अ‍ॅलिगेटर गार. मगरीचा जबडा, चिलखतासारखे कठीण खवले, आणि पाण्यातला प्राणवायू कमी पडला तर वर येऊन हवा गिळायची सोय. २०११ मध्ये मिसिसिपीत जाळ्यात सापडलेला एक गार साडेआठ फुटांच्या आसपास होता आणि दीडशे किलोला थोडासाच कमी. आमच्या कित्येक इमारतींचं किचन तेवढं लांब नाही. शिवाय गार पन्नास वर्षांहून अधिक जगू शकतो. म्हणजे तिशीत घेतला तर त्याचा उल्लेख मृत्युपत्रात करावा लागेल, आणि तो सोसायटीचा एक पुनर्विकास नक्की बघेल. भाड्याच्या तात्पुरत्या जागेत टाकी कुठे ठेवायची, यावर सभासदांची सभा कशी रंगेल याची मी मनातल्या मनात कल्पना करून पाहिली आहे.

तेवढी वेळ सहसा येत नाही, कारण त्याआधी बादली येते. जे घरात ठेवता येत नाही आणि टाकवतही नाही, ते वाहत्या पाण्यात सोडायची आपल्याला जुनी सवय. निर्माल्य, जुने फोटो, भंगलेल्या मूर्ती, त्यांच्याच रांगेत आता मासा. रात्री तळ्यावर जाऊन "जा बाबा, सुखी राहा" म्हणायचं आणि पुण्य घेऊन घरी यायचं. त्या तळ्यातल्या कोळशी-खवल्यांसारख्या गावठी माशांना कुणी विचारत नाही. मे २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवराची सफाई चालू असताना असाच एक गार वर आला. अमेरिकेतून काश्मीरला तो पोहत आलेला नव्हता, एवढं नक्की.

अमेरिकेनंही ही परतफेड अनुभवली आहे. मेरीलँडमधल्या क्रॉफ्टनच्या तळ्यात २००२ मध्ये नॉर्दर्न स्नेकहेड सापडला. हा आपल्या मरळ माशाचा चिनी भाऊबंद. चौकशीत निघालं ते असं : एका गृहस्थानं आजारी बहिणीला सूप करून द्यायला न्यूयॉर्कच्या बाजारातून दोन जिवंत मासे मागवले. ते येईपर्यंत बहीण ठणठणीत झाली. मग त्यानं ते टाकीत पाळले, ते टाकीत मावेनात, म्हणून मागच्या तळ्यात सोडून दिले. सरकारनं तळ्यात विष घातलं तेव्हा हजारावर पिल्लं निघाली. गुन्ह्याची मुदत टळून गेल्यामुळे गृहस्थ सुटले. आता पोटोमॅक नदीत स्नेकहेडनं चांगलंच बस्तान बसवलंय आणि सरकार लोकांना सांगतंय, पकडा आणि खा.

आपल्याकडे ही वेळच आली नसती. बहीण बरी झाली म्हणून घरात आलेला मरळ रश्श्याविना टाकीत सोडणारं घर महाराष्ट्रात शोधून सापडायचं नाही.